आमच्या घरात कुणी ओढत नाही

मामा,

तुमचा थोरला, माझा नवरा, गेला, त्याला आता दोन वर्षं होत आली. हे आधी सांगायला हवं, कारण तुम्ही गेलात तेव्हा तो धडधाकट होता. लिंबांनी भरलेली गोणी एकटा पाठीवर घेऊन टेम्पोत टाकायचा, आणि तुमच्या मनात त्याचं तेच रूप असणार. त्याला फुप्फुसाचा कॅन्सर झाला. कळलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आता तुमच्या धाकट्याचं काय होतं ते ठरायचं आहे. परवा त्याचं ऑपरेशन आहे, आणि त्या विचारानं हाताला दुसरं काम लागत नाही, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला मामा म्हणायचं हे लग्नाआधी आईनं शिकवलं होतं. सासऱ्याशी बोलायचं काय, ते नव्हतं शिकवलं, कारण बोलायचं नसतंच. तुम्ही होतात तोवर मी तुमच्याशी जे बोलले ते बहुतेक दाराआडून, डोक्यावरचा पदर धरून, हो आणि नाही एवढंच. आज पदर खांद्यावर आहे आणि केस पांढरे झाले आहेत. तुम्ही गेलात तेव्हा जेवढ्या वयाचे होता, त्याच्या जवळ मी आले आहे.

तुमचं खाकरणं मला अजून ऐकू येतं. तुम्ही मळ्यातून यायचा, दारातल्या कडुनिंबापाशी थांबायचा, चपला आपटून माती झाडायचा आणि खाकरायचा. एकदाच, जरा लांबवून. तेवढ्यानं घर आवरलं जायचं. मी पदर पुढे ओढायचे, सासूबाई पसरलेले पाय जवळ घ्यायच्या, आणि चुलीपुढे बसलेला तुमचा थोरला हातातली बिडी विस्तवात टाकून राखेनं झाकायचा. मग तुम्ही आत यायचा. बिडीचा वास तर घरभर असायचा, तो काही राखेनं झाकला जात नाही. पण तुम्ही कधी नाक वर केलं नाही. नवी होते तेव्हा मला वाटायचं, या माणसाला वास येत नसावा. मग एकदा तुम्ही लांबूनच सांगितलंत की डाळ लागतीय, खाली उतरव. तेव्हा समजलं की तुमचं नाक चांगलं आहे, फक्त काय हुंगायचं आणि काय नाही हे तुम्ही ठरवून ठेवलं आहे.

एक दिवस आठवतो. ज्वारीची काढणी चालली आहे. बैलानं दावं तोडलं म्हणून तुम्ही मागच्या वाटेनं, घाईत, न खाकरता परसात येता. तुमचा थोरला भिंतीला टेकून बिडी ओढतो आहे. चूल जवळ नाही, फेकायला वेळ नाही. तो ती पेटती बिडी तशीच मुठीत धरतो आणि तुमच्यासमोर सरळ उभा राहतो. तुम्ही विचारता, दावं कुठं हाय. तो सांगतो. तुम्ही विचारता, कडब्याच्या पेंढ्या मोजल्या का. तो म्हणतो, मोजल्या. त्याच्या बोटांच्या फटीतून धूर येतो आहे, तो मला दिसतो, म्हणजे तुम्हालाही दिसत असणार. त्याचा चेहरा हलत नाही. तेव्हा तो एका पोराचा बाप होता. तुम्ही दावं घेऊन गेलात. संध्याकाळी दाराच्या पलीकडून मला म्हणालात, ‘‘त्याला म्हणावं चुलीपाशी जपून. आन परसात कोरफड हाय, हाताला लाव.’’ मी लावली. तळहातावर मध्यभागी फोड आला होता. मला त्या दिवशी तुमचा फार आदर वाटला. मुलाला न लाजवता त्याच्या हाताची काळजी करणारा बाप मी माहेरी पाहिला नव्हता.

तुमची माया सगळी अशीच होती, बाजूनं येणारी. किराणा ज्या कागदात बांधून यायचा ते कागद मी सरळ करून वाचायचे. चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर अक्षर लावून, ओठ हलवत. तुम्ही ते कधी पाहिलंत कोण जाणे. घोडेगावच्या बाजारातून म्हैस आणायला गेलात आणि येताना म्हशीबरोबर जुन्या मासिकांचा एक गठ्ठा आणलात, सुतळीनं बांधलेला. तो ओसरीवर टाकलात आणि सासूबाईंना म्हणालात, ‘‘रद्दी हाय. चूल पेटवायला व्हईल.’’ सासूबाईंनी खरंच त्यातली दोन चुलीत घातली. बाकीची मी तांदळाच्या डब्यामागे ठेवली. तिथून माझं वाचन सुरू झालं ते आजतागायत चालू आहे. तालुक्याच्या वाचनालयात आता मला खुर्ची देतात. हे तुम्हाला कधी सांगता आलं नाही, आणि सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, कसली पुस्तकं, रद्दी व्हती ती.

आणि एक बोलणं आठवतं. मुलगा शाळेत जायला लागला त्या वर्षीचं. तुम्ही ओसरीवर दावं वळत बसला होता, घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि मी सगळा धीर गोळा करून दारातून म्हणाले, ‘‘मामा, हे लई बिडी वढत्यात. उठल्या उठल्या लागती. तुमी येकदा बोला.’’ तुमचे हात थांबले. मग म्हणालात, ‘‘मला दिसत न्हाई असं वाटतं का तुला?’’ मी पदर पुढे ओढला. ‘‘दिसतंय. पण जवर कुणी बोललं न्हाई तवर त्येची अदब ऱ्हाती आन माजी बी. तू बोललीस, आता मला बोलावं लागंल. मी बोललो आन त्यानं न्हाई सोडली, तर मग बाप कशाचा मी?’’ पुन्हा दावं वळायला लागलात. ‘‘पुन्यांदा सांगू नको.’’ आवाज वाढवला नाहीत, तरी मला तो मार वाटला. आणि तरी, मामा, किती वर्षं मी ते शहाणपण समजत होते. बाहेरचा कुणी पाहुणा बिडी काढायला लागला की तुम्ही हसून म्हणायचा, ‘‘वढा तुमी. आमच्या घरात कुणी वढत न्हाई.’’ म्हणताना तुमच्या मानेला एक ताठा यायचा.

तुम्ही अर्धांगानं गेलात. मग सासूबाई गेल्या. आमच्या मुलाचं लग्न झालं, घरात सून आली, आणि तुमचा थोरला स्वतः सासरा झाला. सून येऊन आठवडा झाला नसेल, तो मळ्यातून आला, कडुनिंबापाशी थांबला आणि खाकरला. हुबेहूब तुम्ही. मी आत पोळ्या लाटत होते, माझा हात आपोआप डोक्याकडे गेला. गावातलेही म्हणायला लागले, बापावर गेला म्हणून. त्याला ते आवडायचं. सून शिकलेली, ती काही पदर घेणारी नाही, पण तिलाही मजा वाटायची. पुढे मुलाला नगरला नोकरी लागली, दोघं सावेडीत फ्लॅट घेऊन राहायला गेली. घरात आम्ही दोघंच उरलो. कुणाला कळवायचं नव्हतं, तरी तो दारात खाकरत राहिला. मग जेवतानाही खाकरायचा, आंघोळ करतानाही. मला त्यात वेगळं काही वाटलं नाही. मला पुढे डॉक्टरांनी विचारलं, खोकला कधीपासून आहे, तर मला दिवस सांगता आला नाही. ते खाकरणं कुठे संपलं आणि खोकला कुठे सुरू झाला, हे आमच्या घरात कुणालाच सांगता येणार नाही.

त्याच्या थोडं आधीची गोष्ट. कर्जतला मंगल कार्यालयात एका दवाखान्याचं शिबिर होतं. डोळे, साखर, रक्तदाब आणि त्यात हेही, की जे खूप वर्षं बिडी-सिगारेट ओढतात त्यांना गाडीनं नगरला नेऊन छातीचा स्कॅन फुकट करून द्यायचा, त्रास असो की नसो. तुमचा थोरला तिथे गेला तो नानांना घेऊन. तुमचे धाकटे बंधू आता खूप थकले आहेत, त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. दोघं शेजारी शेजारी खुर्च्यांवर. नातीच्या वयाची एक मुलगी ओळीनं विचारत येत होती. यांच्यापाशी येऊन मोठ्यानं म्हणाली, ‘‘काका, बिडी ओढता का?’’ शेजारी चुलता बसलेला. तुमच्या थोरल्यानं काय सांगितलं असेल? तुमचंच वाक्य. ‘‘न्हाई बाई, आमच्या घरात कुणी वढत न्हाई.’’ ती पुढे गेली. घरी येऊन त्यानंच मला हे सांगितलं, गंमत म्हणून. ‘‘नाना अगदी कानापाशी. काय सांगनार?’’ मीही हसले. त्यात हसण्यासारखंच होतं, तेव्हा.

मग थुंकीतून रक्त आलं. गावाजवळच्या डॉक्टरांनी एक्सरे काढला, डाग दिसला, आणि टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. थुंकी तपासली होती, तिच्यात टीबी सापडला नव्हता. मी कुणाला बोल लावत नाही, आमच्या भागात छातीत डाग म्हटलं की आधी टीबीच आठवतो, आणि बहुतेकदा तो असतोही. गोळ्यांनी लघवी लाल व्हायची आणि आम्ही समजायचो औषध लागू पडतंय. उन्हाळा गेला, पावसाळा अर्धा गेला. तो इतका वाळला की लग्नातली अंगठी करंगळीतूनही गळायला लागली. तेव्हा मुलगा गाडी घेऊन आला आणि नगरला घेऊन गेला.

तिथली डॉक्टर एक तरुण पोरगी होती, चष्मा लावलेली, हळू बोलणारी. तिनं खोकल्याचं विचारलं. सून म्हणाली, ‘‘बाबा पहिल्यापासून खाकरतात.’’ डॉक्टर म्हणाली, ‘‘खाकरतात म्हणजे?’’ सून म्हणाली, ‘‘म्हणजे घरात येताना. कळावं म्हणून.’’ डॉक्टर माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली, दुसरं काय करणार. मग तिनं त्याला बिडीचं विचारलं. त्यानं मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘‘असंच, कधी तरी.’’ ती समजली. तिनं आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. दार पातळ होतं. तो आत तिला जे सांगत होता ते मला ऐकू येत होतं, आणि ते मला सगळं माहीत होतं, पण त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. चाळीस-बेचाळीस वर्षांचा संसार आणि त्याचं एवढं बोलणं मी दाराबाहेरून ऐकलं.

स्कॅनमध्ये दिसलं की गाठ फुप्फुसात होती, यकृतात गेली होती, पाठीच्या मणक्यात गेली होती. डॉक्टरनं मला एकटीला बसवून सांगितलं. मी विचारलं, खोकला जरा आधी ओळखला असता तर? ती म्हणाली, ‘‘काकू, खोकला यायला लागतो तेव्हा बरेचदा उशीरच झालेला असतो. ही गाठ लहान असते तेव्हा काहीच करत नाही. दुखत नाही, खोकला नाही, माणूस कामाला जातो. म्हणून तर जे वर्षानुवर्षं ओढतात त्यांचा स्कॅन काही होत नसताना करायचा. तुमच्याकडे असं शिबिर कधी झालं नव्हतं का?’’ मी म्हणाले, झालं होतं. ती म्हणाली, मग? मी म्हणाले, ओढत नाही म्हणून सांगितलं त्यांनी. तिनं पेन खाली ठेवलं. मला वाटलं ती रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं.

शेवटचे महिने घरीच काढले. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून तो भिंतीला उशा लावून बसायचा आणि बसल्या बसल्याच डोळा लागायचा. ऑक्सिजनचं यंत्र भाड्यानं आणलं होतं. वीज गेली की ते बंद, मग इन्व्हर्टरवर, आणि इन्व्हर्टर कुरकुरायला लागला की तो त्या यंत्राकडे बघत राहायचा. मणक्याचं दुखणं असं होतं की दात आवळून आवळून एक दात हलायला लागला. एके दुपारी त्यानं बिडी मागितली. मी दिली. ऑक्सिजन आहे म्हणून काडी पेटवायची नाही, हे त्याला माहीत होतं. नुसती बोटात धरून बसला. तेवढ्यात नाना काठी टेकत आले आणि बाहेर खाकरले. मामा, त्याला पाण्याचा पेला उचलत नव्हता. पण ती न पेटवलेली बिडी त्यानं मुठीत घेतली आणि मूठ गोधडीखाली सारली. नाना बसून गेले. तो शेवटचे चार शब्द नीट बोलला ते त्यांच्याशी, पाण्याची पाळी कधी आहे त्याबद्दल. दोन दिवसांनी गेला.

मी रडले तेवढं रडले. मग वाचायला लागले. वर्तमानपत्रात येतं ते, दवाखान्यातून आणलेली पुस्तिका, मोबाईलवर नातू लावून देतो ते. स्कॅनला पाच मिनिटं लागतात. किरण थोडे असतात. डाग दिसला म्हणजे कॅन्सरच असं नाही, जुन्या टीबीचा व्रणही असतो, म्हणून उगाच घाबरण्याचंही दुःख आहे. एकदा करून भागत नाही, दर वर्षी करावा लागतो. आणि बिडी सुटली नाही तर सगळं फुकट. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे एकच माणूस होता. भावजी. तुमचा धाकटा. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत होता, त्याचा डबा मी बांधलेला आहे. आता पन्नाशी ओलांडली. अंगणाच्या पलीकडच्या बाजूला राहतो. मी दिसले की त्याचा हात पाठीमागे जातो आणि पाठीमागून धूर वर येतो, आणि तो मला विचारतो, काय वैनी, जेवण झालं का.

यंदा तेच शिबिर पुन्हा होणार म्हणून भोंगा लावून जीप फिरली. मी भावजींना म्हणाले, जाऊन या. ‘‘मला काय धाड भरलीय?’’ म्हणाला. मी म्हणाले, धाड भरलेली नसतानाच जायचं असतं. हसला आणि मोटार चालू करायला निघून गेला. मी दोन दिवस विचार केला आणि दुकानात गेले. ‘‘एक बिडीचं बंडल दे आन काडेपेटी.’’ दुकानदार पोरगा म्हणाला, ‘‘कुणाला, काकी?’’ मी म्हणाले, ‘‘मला.’’ बाकड्यावर बसलेल्या दोघा-तिघांनी माना वळवल्या. मग एक म्हातारा म्हणाला, ‘‘घेऊ द्या की, आता तिला कुणाचं भ्या हाय?’’ आणि सगळे हसले. मीही हसले. बंडल पदरात घेऊन आले, चहा केला, बशीत बंडल आणि काडेपेटी ठेवली आणि चहाबरोबर भावजींपुढे नेऊन ठेवली. तो आणि जाऊ ओट्यावर बसले होते. त्याचे कान लाल झाले. ‘‘वैनी, ह्ये काय?’’

‘‘वढा. माझ्यापुढं वढा.’’

‘‘काय बोलताय तुमी.’’

‘‘तुमच्या भावानं मुठीत बिडी लपवून जीव सोडला. तुमी उघड्यावर वढा, आन तिथं ती पोरगी इचारील तेव्हा खरं सांगा.’’

तो उठला. चहा तसाच. चपला पायात न घालता मळ्याकडे गेला. जाऊ माझ्याकडे बघत राहिली. ‘‘आक्का, लई लाजवलं तुमी त्यास्नी,’’ म्हणाली. संध्याकाळी परत आली, माझ्या चुलीपाशी बसली. ‘‘ते जेवंनात. आन मी म्हन्ते, तिथं जाऊन सापडलंच काई तर? न सापडल्यालं बरं न्हाई का? जवर हाय तवर हाय.’’ मी म्हणाले, मी पण तेच करत होते बाई, जवर हाय तवर हाय. ती रडायला लागली. मी तिला गप्प केलं नाही.

मग मी नानांकडे गेले. दुपारी मी त्यांना पेपर वाचून दाखवते, तुम्हाला कधी वाचून दाखवता आलं नाही, तर त्यांना तरी. मी त्यांना सरळ सांगितलं की भावजी तुमच्या भयानं आणि माझ्या भयानं खोटं बोलणार आहे, आणि जसा एक गेला तसा दुसरा जाईल. नानांनी ऐकून घेतलं आणि त्यांना हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी. ‘‘अगं, तुजा सासरा मळ्यातल्या हिरीत उतरून वढायचा. पायऱ्या व्हत्या ना जुन्या हिरीला, खालच्या पायरीवर बसून. वर आमचा बाप औत हाकायचा. हिरीतनं धूर वर यायचा, आन बाप म्हनायचा, आज पान्याला वाफ लई हाय.’’ मी म्हणाले, ‘‘मामा वढायचे?’’ ‘‘मग. म्हातारपनी सोडली. आन मी वढायचो तुज्या सासऱ्याच्या माघारी. त्यो गेला, त्याचं तेरावं झालं, त्या दिशी पयल्यांदा मी उघड्यावर बिडी पेटवली.’’ त्यांनी डोळे पुसले. ‘‘चवच लागंना.’’

मामा, मी घरी आले तेव्हा मला तुमचा इतका राग आला होता की भाकरीचं पीठ मळताना हात दुखायला लागले. तुम्ही ओढत होता याचा नाही. तुम्ही मला दारातून म्हणालात, पुन्यांदा सांगू नको, आणि मी ते एका स्वच्छ माणसाचं बोलणं म्हणून डोक्यावर घेतलं. तुम्हीही तुमच्या बापापुढे मूठ झाकून उभे राहिलेले होतात. ते एकदा मुलाला सांगितलं असतंत तर काय गेलं असतं तुमचं? तुम्ही कशानं गेलात, खरंच नुसतं अर्धांग होतं का, हे आता मी खणत बसणार नाही.

दुसऱ्या दिवशी नाना आले. काठी टेकत, पुतण्याच्या ओट्यापर्यंत, न खाकरता. भावजी धडपडून उठायला लागला. नानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलं आणि शेजारी बसले. ‘‘बिडी हाय का रं?’’

‘‘न्हाई, नाना.’’

‘‘खिशातली काढ. दोन काढ.’’

मी माझ्या दारात उभी होते. मग भावजींनी खिशात हात घातला. नानांची बिडी पेटवून दिली, दोन काड्या विझल्या, तिसरी लागली. स्वतःची बोटातच राहिली. ‘‘कवापासून वढतोस?’’ ‘‘नववीत व्हतो.’’ ‘‘आन दिसाला?’’ भावजींनी खाली बघत आकडा सांगितला. नाना म्हणाले, ‘‘त्या पोरीला ह्येच सांग. मी बसतो शेजारी.’’ आणि खरंच बसले. शिबिरात त्याच मुलीनं विचारलं आणि भावजींनी नाना कानापाशी असताना खरं ते सांगितलं. नगरहून स्कॅन करून आला तेव्हा जरा हिरमुसलाच होता. ‘‘येवढंच? मला वाटलं नळ्याबिळ्या घालत्यात.’’

एक डाग दिसला. लहान. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं. ते तीन महिने कसे गेले ते लिहीत नाही, जावेनं देवळं धरली आणि भावजींनी बिडी सोडली, त्या रागात त्यानं बैलालासुद्धा मारलं. दुसऱ्या स्कॅनमध्ये डाग वाढलेला निघाला. सुईनं तुकडा काढून तपासला. कॅन्सरच. मी, जाऊ आणि भावजी त्याच चष्म्याच्या डॉक्टरपुढे बसलो होतो. तिनं मला ओळखलं. म्हणाली, गाठ लहान आहे, दुसरीकडे कुठे गेलेली दिसत नाही, फुप्फुसाचा तेवढा भाग काढून टाकायचा, पुण्याला. पुढे काही वर्षं तपासत राहावं लागेल, खात्री कुणी देत नाही. पण लवकर सापडलं आहे. हे ती दोनदा म्हणाली. जावेनं माझा हात धरला, मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून तिथेच रडायला लागली. ‘‘आक्का, तुमच्यामुळं,’’ म्हणाली. भावजी माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला मध्येच धरलं. सगळ्यांना वाटलं मला भरून आलं आहे.

मला भरून आलं होतं, मामा, पण ते नंतर. आधी, डॉक्टर लवकर सापडलं म्हणाली त्या क्षणी, जावेचं डोकं माझ्या खांद्यावर येण्याच्या आधी, माझ्या मनात आलं ते एवढंच: हिचा का, माझा का नाही. तिचा नवरा वाचावा म्हणून मी दुकानातून बिड्या विकत आणल्या, आणि वाचण्याची आशा दिसल्यावर मला तिचा हेवा वाटला. अजून वाटतो. ती आता भावजींना दूध गरम करून देते, त्याच्या स्वेटरची बटणं शिवते, आणि मला बघवत नाही. परवा मी तिच्याबरोबर पुण्याला जाणार आहे. ऑपरेशन चालू असेल तितका वेळ तिचा हात धरून बसेन, आणि भावजी त्यातून नीट उठावा असं मला मनापासून वाटतं, हेही खरं आहे. मी साऱ्या घराला बोलायला लावलं, पण हे मी तिला कधी सांगणार नाही. जाऊ सातवी शिकलेली आहे, माझी पुस्तकं चाळत असते, म्हणून हा कागद घरात ठेवता येणार नाही. तुम्हाला पोचवण्याचीही काही सोय नाही. भाकरी टाकायला चूल पेटवायची आहे.